उस्ताद फिक्रींच्या आईचं नाव

कैरोहून इस्कंदरियाला जाताना लागणाऱ्या आमच्या दमनहूरमध्ये माणसाला काहीही विचारलेलं चालतं. पगार किती, बायकोशी पटतं का, मूळव्याधीवर कुणाचं औषध चालू आहे, सगळं चहाच्या टपरीवर मोठ्यानं विचारतात आणि उत्तरही मोठ्यानंच मिळतं. आईचं नाव तेवढं विचारायचं नाही. शाळेत एखाद्या पोराच्या आईचं नाव फुटलं की संपलंच. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा ते नाव घेत त्याच्यामागं धावते आणि घरी जाईपर्यंत कुणाचं तरी नाक फुटतं. मोठेपणी नाकं फुटत नाहीत, एवढाच काय तो फरक. आई म्हणजे अमक्याची आई. त्यापुढं चौकशी करणाऱ्याला रीतभात नाही असं समजायचं.

उस्ताद फिक्री अब्देल मक्सूद यांनी मुलांच्या सरकारी शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. छत्तीस वर्षं प्रत्येक तुकडीनं त्यांच्या आईचं नाव शोधायचा प्रयत्न केला. पोरांनी शिपायाला फितवून पाहिलं, कचेरीतलं कपाट उघडून पाहिलं, एक बहाद्दर तर सरकारी खानेसुमारीचा माणूस म्हणून वही घेऊन दारापर्यंत आला. कुणाच्या हाती काही लागलं नाही. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी उस्तादांचे गुण सांगताना वक्तशीरपणाच्या आधी ही गोष्ट सांगितली आणि टाळ्या पडल्या.

पुढं लोकांची ओळख चोरणारी माणसं निघाली आहेत असं वर्तमानपत्रात यायला लागलं, तेव्हा बाकीचे गांगरले. उस्तादांची अर्धी तयारी आधीच झालेली होती. उरलेली अर्धी तअमियामुळं झाली.

झालं असं, की त्यांची बायको इन्शिराह एका शुक्रवारी कोपऱ्यावरून गरम तअमिया घेऊन आली. वडे नेहमीसारखे रद्दी कागदाच्या पुड्यात होते. उस्तादांनी पुडा उलगडला तर आत तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं तोंड. ओळखपत्राची झेरॉक्स होती, पुढची बाजू आणि मागची बाजू, नंबरासकट. तेलानं ती इतकी छान पारदर्शक झाली होती, की दोन्ही बाजू एकदम वाचता येत होत्या.

"वडे निवतायत," इन्शिराह म्हणाली.

"अगं, हा माणूस उघड्यावर पडलाय!"

"त्याला बाजूला ठेवा आणि खा."

उस्तादांनी खाल्लं नाही. कागद धुऊन, वाळवून डॉक्टरला नेऊन दिला. डॉक्टरनं आभार मानले आणि उस्तादांच्या डोळ्यांदेखत तो टेबलाखालच्या टोपलीत टाकला. उस्ताद तो टोपलीतून काढून पुन्हा घरी घेऊन आले.

त्या दिवसापासून घरात नवे नियम आले. विजेचं बिल, औषधाची पावती, काहीही असो, कागद फाडून बादलीत दोन दिवस भिजवायचा आणि लगदा झाल्यावरच टाकायचा. फोनवर कुणी "आपलं नाव काय?" असं विचारलं तर "फोन तुम्ही केलाय, तुम्हीच सांगा" असं म्हणायचं. आमच्याकडं मोठ्या इमारतीच्या दारावरचा पहारेकरी तुमचं कार्ड ठेवून घेतो आणि तुम्ही खाली आलात की परत देतो. उस्ताद कार्ड देत नसत, त्यामुळं ते पुतण्याच्या साखरपुड्यालाही फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. झेरॉक्सच्या दुकानात ते यंत्राला टेकून उभे राहायचे, खराब निघालेली प्रतसुद्धा मागून घ्यायचे. आणि जी प्रत द्यावीच लागेल तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल शाईनं, फळ्यावरच्या अक्षरात, ती कशासाठी दिली आहे ते लिहायचे.

"तुम्हाला चोरून नेऊन चोर करणार काय हो?" इन्शिराह विचारायची. "एक गुडघा दुखतो, दुसरा दुखायला लागलाय. दोन दिवसांत परत आणून देईल."

"हसून घे," उस्ताद म्हणायचे.

आता मोबाइलचा नंबर. तो घेताना फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना होता, तिथं उस्तादांनी 'फातिमा' लिहून दिलं होतं. त्यांच्या घराण्यात फातिमा कुणीच नव्हती. खरं नाव परक्या दुकानदाराला सांगणं म्हणजे अब्रू त्याच्या हातात देणं, असं त्यांचं मत होतं आणि तेव्हा दुकानदाराचंही तेच मत होतं. त्यानं ते लिहून घेतलं.

आई त्यांच्याजवळच राहायची. वय ब्याऐंशी. सगळी गल्ली तिला हाज्जा म्हणायची, जुन्या बायका उम्म फिक्री म्हणायच्या, म्हणजे फिक्रीची आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं आणि डाव्यानं दिवस आहे की रात्र एवढं कळायचं. हाज्जानं त्याची फार तक्रार केली नव्हती, पण हल्ली ती तांदूळ निवडायला बसली की खडे ताटात ठेवायची आणि तांदूळ बाजूला काढायची. कुणी काही बोलायचं नाही. हाज्जाला मात्र कळायचं, कारण दाताखाली खडा तिच्याही यायचा.

सरकारी दवाखान्यात रमजानपासून तिचा नंबर लागला होता. कारकुनानं सांगितलं होतं, "सोमवारी दुपारी दोन वाजता मोबाइलवर निरोप येईल. तासाभरात त्याच नंबरावरून 'हो' लिहून पाठवायचं. नाही आलं उत्तर तर पाळी पुढच्याला. मग बकरी ईदनंतर बघू."

"आणि मी स्वतः येऊन सांगितलं तर?"

"उस्ताद, स्वतः येऊन तर सगळेच सांगतात. आम्हाला मोबाइलवरून पाहिजे."

दवाखान्यात त्यांनी कागदही दिले होते: कार्डाची प्रत आणि मुलगा असल्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या जन्मदाखल्याची प्रत. जन्मदाखल्यावर आईचं नाव असतं. ते काळ्या शाईनं झाकून देऊ का, असं उस्तादांनी विचारलं होतं. कारकून म्हणाला, मग पुरावा कशाचा? तेव्हा उस्तादांनी दोन्ही प्रतींवर लाल शाईनं लिहिलं, त्या पाकिटात घातल्या, पाकिटावर लाखेचे पाच ठसे मारले आणि वर लिहिलं: 'अत्यंत गोपनीय. ओळखीची कागदपत्रं.' कारकुनानं ते पाकीट उघड्या फायलींच्या ढिगावर ठेवलं. घरी येताना उस्तादांना बरंच हलकं वाटत होतं.

सोमवारी सकाळी दहा वाजता उस्तादांचा मोबाइल मेला.

मोबाइल चालू होता, घड्याळ दाखवत होता, फक्त फोन लागत नव्हता आणि येत नव्हता. उस्तादांनी तो खिडकीशी धरला, गच्चीवर नेला, सिम काढून फुंकर मारून परत घातलं. शेवटी इन्शिराहच्या फोनवरून स्वतःच्या नंबरावर फोन लावला. पलीकडं एका पुरुषानं उचलला.

"कोण?" उस्तादांनी विचारलं.

"फोन तुम्ही केलाय, तुम्हीच सांगा," पलीकडचा म्हणाला आणि त्यानं ठेवून दिला.

उस्ताद पलंगावर बसले. त्यांचा चेहरा पाहून इन्शिराहनं साखरेचं पाणी आणलं.

"दोनला निरोप येणार," ते म्हणाले. "त्याला येणार."

"मग त्यालाच सांगू या ना, बाबा रे, तेवढं 'हो' लिहून पाठव. त्यालाही आई असेलच की."

उस्तादांनी खरंच पुन्हा फोन लावला. आता त्यानं उचललाच नाही.

ते कंपनीच्या दुकानात जायला निघाले तर हाज्जा दारात चपला घालून उभी. डावी चप्पल उजव्या पायात होती.

"तू कुठं?"

"डोळा माझा आहे," हाज्जा म्हणाली. "मी येणार."

दुकानात ही गर्दी! टोकन घ्यायचं आणि भिंतीवर आकडा लागेपर्यंत उभं राहायचं. हाज्जाला कुणीतरी खुर्ची दिली, ती काउंटरला अगदी खेटून. उस्ताद तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांच्यामागं टायरवाला वगदी होता. या वगदीला उस्तादांनी नववीत दोनदा नापास केलं होतं, आणि खानेसुमारीची वही घेऊन दारापर्यंत आलेला बहाद्दर तो हाच.

"उस्ताद! किती वर्षांनी! आणि ही तुमची आई होय? सलाम, हाज्जा."

"सलाम, बाळा. कोण तू?"

"वगदी. मला नाईल कुठून निघते ते अजून सांगता येत नाही."

"मग खालूनच बघ की," हाज्जा म्हणाली. "पाणी येतंय ना?"

उस्तादांचा आकडा लागला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. काउंटरवर मीरहान नावाची मुलगी होती. तिनं नंबर घेतला, यंत्रात पाहिलं, उस्तादांकडं पाहिलं, पुन्हा यंत्रात पाहिलं.

"उस्ताद, हे सिम तर तुम्ही आज सकाळी बदलून घेतलंय. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. इस्कंदरियातून."

"मी नऊ चाळीसला घरी न्याहारीची उसळ खात होतो."

"कार्ड हरवलं म्हणालात. झेरॉक्स दिलीत." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला.

पडद्यावर उस्तादांचा फोटो होता आणि त्यावरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्यांचंच अक्षर: 'ही प्रत फक्त आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दिली आहे. इतर कोणत्याही कामासाठी वापरल्यास गुन्हा समजला जाईल.'

"हे वाचूनसुद्धा दिलं?" उस्तादांचा आवाज चिरकला.

"म्हणूनच दिलं," मीरहान म्हणाली. "तिथल्या माणसाचा शेरा आहे खाली. 'प्रत अस्सल वाटते. एवढी काळजी खोटा माणूस घेणार नाही.'"

मागं वगदी फुस्सकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. उस्तादांना दवाखान्यातलं टेबल दिसलं. उघड्या फायलींचा तो ढीग आणि त्यावर लाखेचं पाकीट. शंभर लोकांचे कागद तिथं वाऱ्यावर उडत होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. चोराला काय उघडायचं ते उस्तादांनी स्वतः लिहून ठेवलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "माझं कार्ड हे बघा. अस्सल. तोंड हे बघा. दोनच्या आत मला माझा नंबर पाहिजे. हिच्या डोळ्याचा निरोप यायचाय."

मीरहाननं कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं. मुलगी चांगली होती. "मी तुमच्यावर विश्वास ठेवते, उस्ताद, पण एका दिवसात दुसऱ्यांदा सिम बदलायचं तर वरून परवानगी लागते. कैरोला फोन लावते. ते एक प्रश्न विचारतील, उत्तर द्यायचं, झालं."

तिनं फोन लावला. रिसीव्हर महिनाभर बिघडलेला होता, त्यामुळं कैरोचा माणूस सगळ्या दुकानात ऐकू यायला लागला. आवाज गोड होता. त्यानं नमस्कार-चमत्कार केले, झाल्या गैरसोयीबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग म्हणाला, "खात्री करून घेण्यासाठी कृपया आपल्या आईचं नाव सांगा."

दुकान गप्प झालं. टोकनवाल्या यंत्राचासुद्धा आवाज येईना. वगदी एक पाऊल पुढं आला.

"लिहून दिलं तर चालेल?" उस्तादांनी विचारलं.

"मला इथून दिसणार नाही, साहेब."

"मी बाहेर जाऊन बोलतो."

"वायर पुरत नाही," मीरहान खालच्या आवाजात म्हणाली.

उस्तादांनी घाम पुसला. मग त्यांना आठवलं, की घाबरायचं कारणच नाही. पंधरा वर्षांपूर्वीची दूरदृष्टी ती. त्यांनी मान ताठ केली.

"फातिमा," ते म्हणाले.

शेजारी खुर्चीवर हाज्जानं मान वर केली. "कोण फातिमा?"

"माफ करा, साहेब," कैरोचा माणूस म्हणाला, "हे नाव जुळत नाही. दोन वर्षांपूर्वी सगळी नावं सरकारी नोंदीवरून दुरुस्त केली आहेत. आपल्याला आणखी एक संधी आहे. तेही चुकलं तर नंबर पंधरा दिवस बंद राहील."

"फातिमा कोण रे?" हाज्जानं पुन्हा विचारलं. "तुझ्या बापानं दुसरी केली होती का?"

दुकानात कुणीतरी हुंकार दिला. एक बाई "अरे देवा" म्हणाली.

"नाही गं, आई."

"मग?"

"फॉर्मवर लिहिली होती. उगीच. तुझं नाव कुणाला कळू नये म्हणून."

हाज्जानं यावर विचार केला. "मग मीच सांगते ना त्याला," ती म्हणाली आणि फोनच्या दिशेनं वळली. "ऐक रे बाळा, माझं नाव…"

"आई, गप्प!"

उस्ताद असं ओरडले, की मीरहानच्या हातातलं पेन पडलं. छत्तीस वर्षं पोरांवर ओरडून तयार झालेला आवाज होता तो. आईवर तो याआधी कधी गेला नव्हता. हाज्जाचं तोंड उघडं होतं, ते तिनं मिटलं. हात मांडीवर ठेवले आणि काउंटरच्या लाकडाकडं तोंड करून बसून राहिली, जसं काही ती तिथं आहे याचीच माफी मागायची होती.

"तसंही खातेदारानं स्वतःच सांगावं लागतं," कैरोचा माणूस सौम्यपणे म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगितलेलं आम्हाला धरता येत नाही. सकाळी कार्ड नव्हतं म्हणून हाच प्रश्न विचारला होता, त्या गृहस्थांनी लगेच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" उस्तादांनी विचारलं.

"नाव, साहेब. ते बरोबर होतं."

एक वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. हाज्जा पुन्हा बोलली, पण या वेळी हळू, विचारू का नको अशा आवाजात.

"बाळा, तो सकाळचा माणूस. त्यानं कसं म्हटलं?"

"म्हणजे, हाज्जा?"

"म्हणजे नीट म्हटलं का? का दबक्या आवाजात म्हटलं?"

कैरोचा माणूस अडखळला. असला प्रश्न त्यांच्या यादीत नसावा. "नोंदीत ध्वनिमुद्रण आहे, पण ते ऐकवता येत नाही. मी ऐकलंय. साधंच म्हणाले. आम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं."

"लाजला नाही?"

"नाही, हाज्जा."

"भला माणूस दिसतोय," हाज्जा म्हणाली.

कुणी हसलं नाही. वगदीनं खाली चपलांकडं पाहिलं. उस्ताद फिक्री आईकडं बघत राहिले. डोक्यावरून काळी ओढणी, चपला उलट्या, डोळ्यांवर पांढरी साय. ब्याऐंशी वर्षांची बाई. परका चोर सकाळी चहा पिऊन आला आणि तिचं नाव घेऊन गेला, आणि त्याच्याबद्दल तिला बरं वाटत होतं. चोरावर त्यांना राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच, आणि चांगला सपाटून आला.

"वेळ होतोय, साहेब. उत्तर द्यायचं का?"

"शलबिया," उस्ताद म्हणाले.

"आवाज येत नाही, साहेब. जरा मोठ्यानं."

उस्तादांनी घसा साफ केला. मग वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जावं, अशा बेतानं ते म्हणाले, "शलबिया! शलबिया अब्देल रसूल शाहीन!"

"काय रे?" हाज्जा म्हणाली.

तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं. कुणी हाक मारली तर माणूस ओ देतो, तशी तिनं दिली होती. तोंड वर करून, आवाज आला त्या बाजूला, कपाळाला आठ्या घालून ती वाट बघत होती की काय काम आहे.

"काही नाही गं," उस्ताद म्हणाले. "काही नाही." आणि त्यांना रडू यायला लागलं, म्हणून त्यांनी खिशातून चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"बरोबर आहे, साहेब. दहा मिनिटांत नंबर सुरू होईल. आणखी काही सेवा?"

मागं वगदीचं तोंड उघडंच राहिलं होतं. "एवढंच?" तो म्हणाला. "उस्ताद, एवढंच होतं? आम्हाला वाटायचं काहीतरी भयंकर असणार. आमच्या वर्गानं यावर किती डोकं घातलं, भूगोलावर तेवढं घातलं असतं तर…"

"तर पास झाला असतास, गाढवा."

"चांगलं तर नाव आहे!"

"मी कुठं वाईट म्हटलं?" हाज्जा म्हणाली.

मीरहाननं नवं सिम घालून दिलं. इस्कंदरियाच्या माणसानं मधल्या चार तासांत उस्तादांच्या नावावर काय काय करायला घेतलं होतं त्याची यादी निघाली. दोन शीतकपाटं थांबवता आली, एका लग्नाच्या हॉलचं काही करता आलं नाही, त्यासाठी ठाण्यावर जावं लागणार होतं. उस्तादांनी ते सगळं ऐकलं आणि "बरं, उद्या बघू" असं म्हणाले. मीरहाननं आजवर ही यादी ऐकून असं म्हणणारा माणूस पाहिला नव्हता. ती उठून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "जपून हं, हाज्जा शलबिया, एक पायरी आहे."

"आहे का? बरं झालं सांगितलंस, बाळा," हाज्जा म्हणाली आणि पायरी उतरल्यावर पुन्हा मागं वळून, कुणी काही म्हणतंय का याची थोडी वाट पाहिली.

दोन वाजून चार मिनिटांनी, टुकटुक रिक्षामध्ये बसल्यावर निरोप आला. उस्तादांनी दोन्ही अंगठ्यांनी 'हो' लिहिलं, तीनदा वाचलं आणि पाठवलं. गुरुवारी सकाळी सातला, रिकाम्या पोटी, असं उत्तर आलं. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं.

हाज्जानं मान डोलावली. टुकटुक खड्ड्यांतून उडत होती, चालकानं गाणं लावलं होतं.

"तुझ्या बापानं एकदा घेतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"नाव. लग्न लावणाऱ्या शेखसमोर. विचारलं म्हणून. मग तू होईपर्यंत 'अगं', आणि तू झाल्यावर फिक्रीची आई." ती थांबली. "तू त्या चोरामागं एवढा लागलायस. चार तास वापरलं त्यानं तुझं नाव. मी चौसष्ट वर्षं वापरतेय. माझी नाही तक्रार केलीस कुठं."

उस्ताद आईकडं वळले.

"आई, मघाशी मी ओरडलो…"

"ओरडलास खरा."

"चुकलं माझं."

"हं," हाज्जा म्हणाली. "म्हण बरं पुन्हा."

"चुकलं माझं."

"ते नाही."

उस्तादांनी समोर पाहिलं. चालक आरशातून त्यांच्याकडंच बघत होता. गल्लीतलाच होता, संध्याकाळपर्यंत नाव चहाच्या सगळ्या टपऱ्यांवर पोचवणार यात शंका नव्हती. उस्तादांनी त्याला गाणं बंद करायला सांगितलं. त्यानं केलं.

"शलबिया!" उस्ताद इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाले.

"ओरडतोस कशाला? डोळे गेलेत माझे, कान नाही." तिनं ओढणी नीट केली. "पुन्हा म्हण. साधं म्हण."